साइट बोलते का

"आमी पहाटं निंगालो नेऱ्याशी. आज पाली नाय, ता आमाला कोन सांगनार, भाई?"

गुणाबाईचा आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच हाफिज मुकादमांना तो जास्त लागला. डायलिसिस केंद्राच्या बाकावर नेरे गावाहून आणलेला तिचा नवरा शिवा भोपी सुजलेले पाय पसरून, भिंतीला डोकं टेकून बसला होता.

कुवेतला एका कंपनीत कॉम्प्युटर सांभाळून हाफिज पनवेलला परतले, तेव्हा या धर्मादाय केंद्राची वेबसाइट त्यांनी हौसेनं करून दिली होती. उद्या कुणाची पाळी ते तिथं दिसायचं. काल मशीन बिघडलं, पाळ्या बदलल्या आणि नेमकी साइट बंद पडली. कुणाला पत्ताही लागला नाही. रिसेप्शनवरच्या प्रांजलनं मिनतवाऱ्या करून शिवाची दुपारची सोय लावली.

घरी येताच हाफिज प्रोग्राम लिहायला बसले. त्यानं दर थोड्या वेळानं साइटला हाक मारायची; ओ आली नाही, तर हाफिजांचा मोबाइल वाजवायचा.

"अब्बा, हे तयार मिळतं. फुकट," सिदरा, त्यांची मुलगी, म्हणाली.

"मिळतं ना. पण मला माझ्या हातचं हवंय."

पहिल्याच आठवड्यात साइटनं ओ दिली, पण पान कोरं. प्रोग्राम आपला खूश. हाफिज स्वतःवरच हसले आणि पानावर उद्याची तारीख आहे का, तेही त्याला बघायला लावलं.

त्यानंतर मोबाइल वाजला की ते साइट नीट करायला घेत आणि ती सुरू होईपर्यंत प्रांजलकडून पाळ्या विचारून एकेकाला फोन लावत. गुणाबाईचा फोन लांबायचाच. शिवा काय जेवला, नेऱ्याला वालाच्या शेंगा कशा लागल्यात, सगळं सांगून झाल्यावर ती म्हणायची, "बरा, येतो उद्या."

हिवाळ्यातल्या एका संध्याकाळी मगरिबची नमाज पढून ते उठले आणि मोबाइल वाजला. साइट पुन्हा गप्प होती. त्यांनी पहिला फोन गुणाबाईलाच लावला.

"ताई, हाफिज बोलतोय. उद्या शिवाभाऊंची पाळी सकाळची—"

"भाई," ती मध्येच म्हणाली, "म्हातारा परवा गेला. निजंतच. तुमाला कलवाचा ऱ्हायला."

हाफिजनी ओठातल्या ओठात शिवासाठी दुवा मागितली.

"तुमी फोन करीत व्हतं, तेला बरा वाटायचा," गुणाबाई म्हणाली. "आता तेची पाली रिकामी ठेवू नका. कोन थांबला असंल त्याला द्या."

त्यांनी प्रांजलला कळवलं. तिनं पाळीसाठी थांबलेल्यांची यादी काढली. मग म्हणाली, "खांदा कॉलनीतल्या अरुंधतीबाई महिनाभर थांबल्यात, चाचा. तुम्ही फोन करताच आहात, तर त्यांनाही सांगाल?"

हाफिजनी नंबर लावला. बाईंना आधी खरंच वाटेना. त्यांनी दोनदा वेळ विचारून घेतली.

"एवढ्यात कशी मिळाली हो? कुणाची रद्द झाली का?"

"नेऱ्याच्या शिवा भोपींची होती," हाफिज म्हणाले. "त्यांच्या घरून तुम्हाला दिलीय. वेळेवर या."

फोन ठेवून त्यांनी चष्मा पुसला आणि पुढचा नंबर लावला.