भट्टीच्या काचेतून शुक्र

मित्रांनो, भिलाईतल्या एका क्वार्टरमध्ये खिळ्याला टांगलेली, रुंद लाकडी चौकटीतली निळी काच, ती मी. वितळत्या काचेत कोबाल्ट मिसळले आणि मला हा गडद रंग मिळाला. मग मी पोलादाच्या कारखान्यात आले. भट्टीवर सगळे मला ब्लू ग्लास म्हणत.

माझे मालक देवीदास मूळचे भंडाऱ्याकडचे. भट्टीचे दार उघडले की पिवळ्या झळाळीने डोळे दिपत. ती झळाळी मी अडवत असे, मग आत उकळणारा रस स्पष्ट दिसे. पोलाद तयार झाले की नाही, हे देवीदास रंगावरून ओळखत. त्यांचे कौतुक झाले की थोडे माझेही होई. तिथे एक रिवाज होता. काचेतून आधी जुन्या माणसाने पाहायचे, त्याने ठीक म्हटले की मगच काच नव्याच्या हातात.

२०१२च्या जूनमध्ये शुक्र सूर्यासमोरून जाणार होता. याला अधिक्रमण म्हणतात. सूर्याच्या तबकडीवरून एक लहानसा काळा ठिपका सरकताना दिसतो. देवीदासांची मुलगी दामिनी तेव्हा नववीत जाणार होती. पुन्हा हा योग थेट २११७ साली, म्हणजे आपल्यापैकी कोणीच तो पाहणार नाही, हे तिने वाचले होते. खास चष्मा मिळतो का म्हणून ती सिव्हिक सेंटरच्या बाजारात जाऊन आली, पण चष्मे संपले होते. देवीदास हसले. सोळाशे अंशांची भट्टी आपण रोज पाहतो, मग सूर्याचे काय एवढे, असे म्हणून त्यांनी मला बाहेर काढले.

मला बोलता येत असते तर मी तेव्हाच नाही म्हटले असते. सूर्याचा निळा प्रकाश आणि न दिसणारी उष्ण किरणे माझ्यातून आरपार जातात. त्यांच्यामुळे डोळ्याच्या आतला पडदा भाजतो. आणि त्या पडद्याला दुखत नाही, म्हणून माणूस पाहतच राहतो.

सकाळी अंगणात दामिनीने माझ्यासाठी हात पुढे केला. देवीदासांनी रिवाज पाळला. त्यांनी मला आधी स्वतःच्या दोन्ही डोळ्यांपुढे धरले. ठिपका सापडेना. ते नजर न हलवता शोधत राहिले. कुंपणापलीकडून शेजारच्या, भट्टीवरच काम करणाऱ्या चंपतकाकांनी टोमणा मारला.

"काय देवीदासभाऊ, सुट्टीच्या दिवशीबी भट्टीच पाहून राहिले का?"

बऱ्याच वेळाने देवीदास म्हणाले, "दिसला. बराबर मधात हाय."

चंपतकाकाही आपली भट्टीची काच आणायला घरात वळले. मला दामिनीच्या हातात देताना देवीदासांची नजर समोरच्या पांढऱ्या भिंतीवर गेली.

"आता इथंबी दिसून राहिला," ते म्हणाले.

दामिनीने मला डोळ्यांपर्यंत नेले होते. तिचा हात थांबला.

"बाबा, शुक्र त सूर्यापुढं हाय. भिंतीवर कावून दिसन?"

देवीदासांनी डोळे चोळले. तिने मला ओट्यावर ठेवले, कुंपणाकडे धावत जाऊन चंपतकाकांना अडवले आणि परत आली.

"माह्याकडं पाहा बरं, बाबा. काय दिसते?"

"तुही वेणी दिसते. कान दिसते," ते सावकाश म्हणाले. चेहऱ्याचे त्यांनी नाव घेतले नाही.

दामिनीची आई ममता दारात उभी होती. तिने चपला घातल्या आणि ऑटो बोलावला. उन्हाने पडदा भाजला आहे, यावर औषध नाही, काही महिन्यांत नजर जेवढी परत येईल तेवढीच, असे डॉक्टरांनी सांगितले. ठिपका थोडा फिका झाला, पण गेला नाही. ज्याला मधोमध दिसत नाही त्याला भट्टीसमोर कसे उभे करणार? देवीदासांना स्टोअरमध्ये काम मिळाले. माझेही काम संपले. पुसायलाही मला कोणी हात लावेना.

ग्रहण आले की शेजारची मुले आजही मला मागायला येतात. देवीदास मला देत नाहीत, सूर्यासाठीच केलेला खात्रीचा चष्मा आणा म्हणतात. मुले रुसून जातात. मित्रांनो, तुम्ही रुसलात तरी चालेल, पण एखादी वस्तू डोळ्यांपुढे धरण्याआधी ती कशासाठी घडवली आहे, एवढे विचारा. मी वाईट काच नाही. मी भट्टीची काच आहे.

दामिनी आता शिकून नोकरीला लागली आहे. ती घरी येते तेव्हा देवीदास तिच्याकडे सरळ पाहत नाहीत. मान तिरकी करून तिच्या खांद्यापलीकडे पाहतात. तसे पाहिले की तिचा चेहरा त्यांना दिसतो.