बेचाळीस वर्षांनंतरची फिर्याद

उस्ताद तूमांनी खिडकीच्या उंबऱ्यावर गुडघा टेकला, ओळंबा बाहेर सोडला आणि तो खालच्या अंगणाला लागेपर्यंत दोरी सैल केली.

"दिसतंय का?" काझींच्या कचेरीतल्या कारकुनाने मागून विचारलं.

"दिसतंय. हौद, नारिंगाची दोन झाडं, एक बाकडा. बाकड्यावर कुणी बसलं तर चेहरासुद्धा दिसेल."

कारकुनाचा बोरू कुरकुरला. घराचा मालक एझरा आपल्या हातमागावर बसून ऐकत होता. आता त्याला राहवेना.

"लिहा, लिहा. आणि हेही लिहा, की ही खिडकी माझ्या जन्माआधीची आहे. बेचाळीस वर्षांत कुणाची अब्रू गेली नाही, ती आताच कशी जायला लागली?"

एझरा यहुदी, रेशमी फिती विणणारा. त्याच्या घराची पाठ साबणाचे व्यापारी हाजी यासीन यांच्या घराला लागून होती. दारं मात्र दोन वेगळ्या गल्ल्यांत. यहुद्याच्या माडीवरून आमच्या बायकांचं अंगण दिसतं, ती खिडकी बुजवावी, अशी हाजींची फिर्याद होती. शेजाऱ्याचं अंगण दिसेल अशी खिडकी ठेवायची नाही, हा कायदा हलबमध्ये, म्हणजे अलेप्पो शहरात, सगळ्यांना सारखाच होता. मशिदीशेजारच्या घरालाही तो लागू होता आणि चर्चशेजारच्याही. भिंत पाहून खरं-खोटं सांगायचं काम ख्रिस्ती गवंडी तूमांचं. एरवी मुसलमानाविरुद्ध ख्रिस्त्याची साक्ष काझींपुढे चालत नसे. पण दगड-चुन्याच्या बाबतीत उस्ताद तूमांचा शब्द शेवटचा असे.

त्यांना एक खोड होती. भिंत का बांधायची हे कळल्याशिवाय त्यांचा हात चालत नसे. गवंडी त्यावरून त्यांची थट्टा करत. आताही ओळंबा गुंडाळताना त्यांची नजर उंबऱ्याच्या दगडावर गेली. दगडात दोन उथळ खळगे पडले होते, हातभर अंतरावर. त्यांनी आपली कोपरं त्यांत टेकवून पाहिली. बरोबर बसली.

"इथे कोण बसायचं?"

"आई," एझरा म्हणाला. "द्राक्षं उतरायच्या सुमाराला गेली."

"आणि आता?"

"आता बायको उभी राहते घटकाभर. तेही खुपतंय त्यांना! उस्ताद, या खोलीला दुसरा उजेड नाही. ही बुजली तर मी काय चाचपडत विणू?"

कोपऱ्यात रेशीम उलगडत बसलेली लूना, त्याची नवी बायको, मान खाली घालून ऐकत होती.

कारकुनाचं काम झालं होतं. तूमांचं झालं नव्हतं. ते वळसा घालून मागच्या गल्लीत गेले आणि हाजींच्या दाराची कडी वाजवली. हाजी यासीन स्वतः आले. फिर्याद करणाऱ्या माणसाचा ताव त्यांच्या तोंडावर कुठे दिसेना.

"जे दिसलं ते सांगा म्हणजे झालं, उस्ताद. कायदा तो कायदा."

"ते सांगतोच. पण हाजी, तुमचं लग्न झालं, बहिणी इथे वाढल्या, तेव्हा ही खिडकी होतीच ना?"

हाजींनी दाढीतून हात फिरवला. "होती."

"यासीन," अंगणातून म्हातारा आवाज आला, "पाहुण्यांसाठी कॉफी सांग. तूच जा. सावकाश ये."

हाजींच्या आई, दुर्रियाबाई, बाकड्यावर बसल्या होत्या. चादर कपाळापर्यंत ओढलेली, पाठ खिडकीकडे.

"फिर्याद माझी आहे," त्या म्हणाल्या. "त्याला उगाच छळू नका. तो नको नकोच म्हणत होता."

"का केलीत, यासीनच्या आई?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"काही नाही. नुसतं कळावं म्हणून."

बाई हसल्यासारख्या झाल्या. मग हौदाकडे बघत सांगू लागल्या.

"मी नवी नवरी इथे आले त्याच साली एझराच्या आईच्या, मसऊदाच्या, नवऱ्याने भिंत फोडून ती खिडकी केली. माझ्या सासूने बोंब मारली होती, पण मीच तिला गप्प केलं. मसऊदा वर, मी खाली. हमामात न्हायला गेलो की भेटायचो, पण तिथे नुसती सलाम-दुआ. बोलणं सगळं इथे. यासीनचा पहिला दात तिने वरून पाहिला. साथीच्या वर्षी गल्ल्यांचे दरवाजे बंद होते, माझी दोन मुलं एका आठवड्यात गेली. घरात कुणी पाऊल टाकायला तयार नव्हतं. ती तीन दिवस त्या खिडकीतून हलली नाही. काही बोलली नाही. नुसती बसून होती."

तूमांनी मान वर करून खिडकीकडे पाहिलं.

"आता सकाळी बाहेर आले की मान आपोआप वर जाते. आणि तिथे कुणीतरी असतं! ती पोर. हसते, सलाम करते, बरं आहे ना विचारते. उर्मट असती तर मला सोपं गेलं असतं हो. पोर चांगली आहे." त्यांनी चादर आणखी पुढे ओढली. "मला नाही बघवत."

"मग एझराला हे सांगा ना."

"काय सांगू? तुझ्या आईच्या जागी तुझी बायको दिसते म्हणून माझा जीव जातो? त्यापेक्षा भांडखोर म्हातारी म्हणू दे त्याला. रागावून माणूस लवकर विसरतो. आणि उस्ताद, हे कागदावर जायचं नाही."

"कागदावर भिंती जातात, यासीनच्या आई. बाकीचं नाही."

काझींपुढे तूमांनी खरं तेच सांगितलं: अंगण दिसतं. आणि विचारलं नव्हतं तेही सांगितलं, की पुरुषभर उंचीपर्यंत भिंत घेऊन वर छताखाली झरोका ठेवला, तर कुणी दिसणारही नाही आणि विणकराचा धंदाही बसणार नाही. तसाच हुकूम निघाला.

सोमवारी ते स्वतः दगड रचायला बसले. एझरा रेशमाच्या बाजारात निघून गेला होता. ते बघायला तो थांबणार नव्हता. लूनाने पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि तिथेच घुटमळली.

"उस्तादकाका, माझं काही चुकलं का?"

"कशात?"

"त्या बाईंशी. मी बोलते ते त्यांना आवडत नसावं. पण मला सांगितलंच होतं तसं." तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "सासूबाईंनी जायच्या आधी माझा हात धरला होता. म्हणाल्या, रोज सकाळी खिडकीत जा. ती वर बघेल. तिची मान फुकट वर जाऊ देऊ नकोस. मी एकही दिवस चुकवला नाही, काका. ताप होता तेव्हासुद्धा गेले."

तूमांच्या थापीवरचा चुना घट्ट होऊ लागला होता. त्यांनी तो झटकून टाकला, नवा घेतला, पण दगड उचलला नाही. खाली अंगणात झाडूचा आवाज येत होता, थांबत होता, पुन्हा येत होता.

"त्यांचं दार मागच्या गल्लीत आहे," अखेर ते म्हणाले. "रंगाऱ्यांच्या कारंजापासून डाव्या हाताला तिसरं. कडी जड आहे, जोरात वाजवावी लागते. हाजी दिवसभर दुकानात असतात."

लूना त्यांच्याकडे बघत राहिली. तूमांनी दगड बसवला.

वीस-पंचवीस दिवसांनी ते गिलाव्याला आले, तेव्हा एझरा मागावर होता. उजेड वरून उतरून थेट ताण्यावर पडत होता.

"खरं सांगू, उस्ताद? आधीपेक्षा बरं दिसतं. हाताची सावली दोऱ्यावर पडत नाही. पण हाजींना सांगू नका, नाहीतर म्हणतील माझ्यावर उपकार केले."

"नाही सांगत. सूनबाई दिसत नाहीत?"

"बाहेर गेलीय. हल्ली मंगळवारी आणि गुरुवारी जाते. कुठे म्हणून विचारलं तर म्हणते, तुमच्या आईच्या नात्यातल्या एक आहेत, त्यांच्याकडे." एझराने धोटा हातात धरून ठेवला. "हलबमध्ये आईच्या नात्यातलं कुणी उरलेलं नाही, उस्ताद."

तूमांनी थापी पाण्यात बुडवली.

"भिंतीला इतक्यात टेकू नका," ते म्हणाले. "गिलावा वाळायला अजून चार दिवस लागतील."