आप्पासाहेबांचा क्लच

देवणीच्या आप्पासाहेबांनी आपल्या ट्रकवर खोटा आळ घेतला होता आणि आता तो त्यांच्याच अंगाशी आला होता.

झालं असं, की गेल्या उन्हाळ्यापासून त्यांचा डावा गुडघा धरला होता. क्लच दाबायला पाय उचलला की डोळ्यांपुढं काजवे चमकायचे. पण सांगता कुणाला? ज्या माणसानं उभी हयात स्टीअरिंग सोडलं नाही, त्यानं गुडघा दुखतो म्हणायचं म्हणजे इज्जतच गेली की! म्हणून गिअर करकरला, गाडी चढावर अडली, की आप्पासाहेब ठसक्यात सांगायचे, "क्लच गेलाय. म्हातारी झाली गाडी." गाडी बिचारी मुकी. तिनं ऐकून घेतलं.

त्यांच्या पोरानं, भागवतनं, मात्र ते मनावर घेतलं. नव्या ट्रकचे फोटो मोबाईलवर बघून बघून त्याची बोटं झिजायची वेळ आली होती. "म्हातारी झाली म्हणता ना आप्पा, मग काढून टाकू," तो म्हणाला. "नवी घेऊ, मी चालवतो. तुम्ही आता आराम करा."

आराम! आराम म्हणजे ओसरीवरची बाज, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला "कुठं निघालाव?" विचारत बसणं. गाडी गेली की आपणही गेलो, हे आप्पासाहेबांना स्वच्छ दिसत होतं.

"विकायची कामून?" ते घाईनं म्हणाले. "दुरुस्त करू की."

"मल्लेश मिस्त्रीनं दोनदा खोलून बघितली. त्याला काय खराबीच सापडंना."

सापडणार कशी? गाडी गॅरेजमध्ये होती आणि खराबी बाहेर बाकड्यावर बसून चहा पीत होती.

बापलेकांची ही कटकट ऐकून बेजार झालेल्या साखराबाई चुलीपासून उठून आल्या. या ट्रकला त्या पहिल्यापासून सवत म्हणायच्या. नवऱ्याच्या अर्ध्या रात्री तिच्याकडंच गेल्या, म्हणून. "उद्या हिमायतनगरला तूरडाळ टाकायची हाय न्हवं? मी येते संग," त्या म्हणाल्या. "चांगुणाबाईला बी भेटणं होईल. गाडी न अडता गेली तर दुरुस्ती. वाटंत बंद पडली तर सवत घराबाहेर. फैसला माझा."

बहिणीला भेटायला निघालेल्या बाईला नाही म्हणायची हिंमत आप्पासाहेबांत कधीच नव्हती.

उदगीरपर्यंत बरं गेलं. आप्पासाहेबांनी मांडीवर टॉवेल टाकला होता आणि दर गिअरला ते मोठ्यांदा खोकत होते, कण्हणं ऐकू जाऊ नये म्हणून.

"खोकला कवापासून?" साखराबाईंनी विचारलं.

"धूळ लई हाय."

"काचा तर बंद हायत."

मग मुखेडच्या अलीकडचा घाट लागला. भरलेली गाडी, उभा चढ, खालचा गिअर टाकायलाच पाहिजे. आप्पासाहेबांनी पाय उचलला. गुडघा अर्ध्या वाटेत अडून बसला. गिअर करकरला, इंजिन हुंदका देऊन बंद पडलं आणि गाडी मागं सरकायला लागली. त्यांनी ब्रेक आवळला. साखराबाई पदर खोचून खाली उतरल्या, चाकामागं दगड लावला आणि परत वर चढल्या.

"बघ," आप्पासाहेब घाम पुसत म्हणाले, "म्हणलं न्हवतं? क्लच..."

साखराबाईंनी टॉवेल ओढून काढला. पायजम्यातूनसुद्धा गुडघ्याची सूज दिसत होती.

त्यांनी वाकून आपला पाय पुढं घातला आणि क्लच दाबून बघितला. चांगला खालपर्यंत गेला.

"ह्यो तर दबतोय की, अव्हो! सवत असली म्हणून काय झालं, एवढा खोटा आळ घ्यायचा गरिबावर?"

आप्पासाहेब समोरच्या रस्त्याकडं बघत राहिले. "गुडघ्याचं कळलं तर घरी बसवशील मला," ते म्हणाले. "मला भ्या वाटतंय, साखरे. मला दुसरं काय बी येत न्हाई."

साखराबाईंनी नाक ओढलं. मग सीटवरची गोधडी घडी करून इंजिनच्या झाकणावर टाकली, तिच्यावर बसल्या आणि उजवा पाय क्लचवर ठेवला.

"सांगा, कवा दाबायचं."

"खुळी का काय तू?"

"सांगा म्हणते न्हवं!"

"दाब... दाबून धर... आता सोड. हळू! हळू म्हणलं की!"

"वरडू नका, न्हाईतर उतरून जाईन."

गाडीनं दोन उचक्या दिल्या आणि निघाली. बाजूनं चाललेला मोटरसायकलवाला आ वासून बघत राहिला. घाटमाथ्यावर पोचेपर्यंत दोघंही भांडून भांडून घामाघूम झाले होते आणि हसू आवरत नव्हतं. नांदेडच्या गर्दीत तर साखराबाईंचा पाय चांगलाच बसला. हिमायतनगरात चांगुणाबाईंनी विचारलं, पाय कामून दाबून राहिलीस गं, तर त्या म्हणाल्या, "नोकरी लागलीय मला."

परत आल्यावर भागवत दारातच उभा. "माय, अडली का गाडी?"

आप्पासाहेबांनी मान खाली घातली. गाडी अडली होती, हे खरंच होतं.

"अडली," साखराबाई म्हणाल्या. भागवतचा हात मोबाईलकडं गेला. "ठेव त्यो खिशात. गाडीत कायच खोट न्हाई, तुझ्या बापाचा गुडघा गेलाय. तवा दुरुस्तीच करायची, पण ती लातूरला, दवाखान्यात. तंवर गाडी तू चालव, आप्पा शेजारी बसून शिकवतील."

भागवतनं बापाच्या पायाकडं पाहिलं. "आप्पा, सांगायचं तरी!" एवढंच म्हणून तो खाली बसला आणि त्यांच्या चपला काढायला लागला.

आप्पासाहेबांना कुठं बघावं कळेना. त्यांनी बायकोला हळूच विचारलं, "आन् दुरुस्त न्हाईच झाला तर?"

साखराबाई आत चहा टाकायला निघाल्या होत्या. उंबऱ्यावरूनच म्हणाल्या, "तर क्लचला मी हाय की."