केजन बाईचं स्पॅनिश

२०१४ साली मी मस्कतमध्ये अल् खुवैरला मुलाकडे, जितेशकडे राहत होते. रमणला जाऊन दोन वर्षं झाली होती. पुण्यात आम्ही नवरा-बायकोनं तीस वर्षं इंग्रजीतून स्पॅनिशमध्ये भाषांतरं केली. रीत ठरलेली. मी मोठ्यानं वाचायची, तो डोळे मिटून ऐकायचा. वाक्य बसलं की म्हणायचा, "पुढे." वाक्य खटकलं की डोळे उघडायचा, मग मी पेन्सिल उचलायची.

मस्कतला आल्यावर पहिलं काम आलं ते अमेरिकेतल्या लुइझियानाच्या एका म्हाताऱ्या बाईच्या आठवणींचं. तिची माणसं केजन, बोली केजन, भेंडी घालून शिजवलेलं कालवणही केजन. ती बोली बोलली म्हणून शाळेत तिनं छड्या खाल्ल्या होत्या. माद्रिदच्या संपादिकेनं कळवलं, "आमच्या वाचकाला हा शब्द परका आहे. माणसांना फ्रेंच वंशाचे म्हणा, बोलीला तिथली फ्रेंच, जेवणाला दक्षिणेकडचं." मी तसं केलंही. गुरुवारी पाठवायचं होतं, आणि ऐकायला कुणी नव्हतं.

"जितेश, अर्धा तास बसशील का रे?"

"आई, मला त्यातलं काय कळणार?"

"नाही कळलं तरी चालेल. नुसतं ऐक."

"इन्शाल्ला, संध्याकाळी."

संध्याकाळी तो खरंच बसला. डोळेही मिटले. तिसऱ्या पानावर घोरायला लागला.

"आई, सोहारहून दोनशे किलोमीटर गाडी चालवत आलाय हो," सूनबाई प्रियांका हळूच म्हणाली. मी त्याच्या अंगावर चादर घातली.

दुसऱ्या दिवशी दोघं कामावर गेल्यावर मी माझंच वाचन मोबाइलवर रेकॉर्ड केलं आणि डोळे मिटून ऐकत बसले. एसीची घरघर, त्यात माझा थकलेला आवाज. बाई सांगत होती, शेवटच्या दिवसांत आईनं काय शिजवायला सांगितलं आणि कुठल्या बोलीत. माझे डोळे उघडले. एका शब्दाचे तीन केल्यानं जेवण एका घरातलं, बोली भलत्याच घरातली वाटत होती.

मी सगळीकडे केजन परत घातलं. संपादिकेला लिहिलं, हा शब्द काढणार असाल तर भाषांतरावर माझं नाव नको.

उत्तर यायचं होतं. तोवर ते पान मी पुन्हा रेकॉर्ड केलं, पुन्हा डोळे मिटले. या वेळी ते मिटलेलेच राहिले. वाक्य संपलं. मी थोडी थांबले. मग रिकाम्या घरात मीच म्हणाले, "पुढे."