टेलस्टॉकच्या खालचा पत्ता

बाळंतपणाचे चार महिने माझं लेथ, लोखंडी दांडे कातायचं मशीन, भाऊजी चालवत होते. लांब दांड्याचं दुसरं टोक धरून ठेवतो तो टेलस्टॉक. तोच जागचा हलला असावा, कारण आता प्रत्येक दांडा एका टोकाला जाड उतरत होता.

"वहिनी, मशीन म्हातारं झालंय. उद्या गिऱ्हाईक आणतो, विकून मोकळ्या व्हा."

बाळ झोपल्यावर मी टेलस्टॉक उचलला. खाली काळं ग्रीस, त्यात लोखंडाचा चुरा, केस, आणि एका बाजूला टेकू म्हणून कोंबलेला खेळायचा पत्ता, तोही चघळलेल्या च्युइंगमने चिकटवलेला. नाकाला पदर लावून मी सगळं खरवडलं. मग टेलस्टॉक परत बसवून, तो सरळ रेषेत आणायला बाजूचे स्क्रू जरा जरा फिरवत दांडा कापून पाहिला. तिसऱ्या खेपेला दोन्ही टोकं सारखी निघाली.

भाऊजी डोकावले. मी पत्ता कागदावर ठेवून पुढे सरकवला.

"म्हाताऱ्याच्या पोटातून हे निघालं. च्युइंगमवर उमटलेले दात तुमचेच दिसतायत. गिऱ्हाईकाला येऊ नका म्हणून कळवा."

ते फोन काढत बाहेर गेले. बाळ उठलं. तीनदा हात धुतले, तरी त्याच्या गालाला बोट लावायला मन धजेना.