भिऊ नका म्हणणारा हात

मित्रांनो, मी एक जुनी बुद्धमूर्ती आहे. डोंगराच्या पोटात, त्याच्याच दगडातून कोरलेली. मला पाहून लोक म्हणतात, "काय शांत चेहरा आहे!" चेहरा शांतच आहे. आतली घालमेल त्यांना कुठून दिसणार?

कारागिरांनी मला वरून खाली कोरलं. आधी डोकं, मग खांदे, शेवटी पावलं. न कोरलेल्या दगडावरच उभं राहायचं आणि तोच फोडत खाली उतरायचं, ही त्यांची पिढीजात रीत. मातीची मूर्ती चुकली तर चिमूटभर माती लावता येते. इथे टवका उडाला की उडालाच. म्हणून म्हातारा मुख्य कारागीर घाव घालण्याआधी दगडाला कान लावायचा.

"बाबा, तो काय बोलणार आहे?" त्याची लेक चिडवायची.

"बोलतो गं. तू गप्प बसलीस तर ऐकू येईल!"

त्याच लेकीने माझा उजवा हात कोरला. तळवा पुढे करून उचललेला, 'भिऊ नका' असं सांगणारा. काम संपल्यावर त्यांनी कड्याच्या माथ्यावर एक लांब चर खोदला. पावसाचं पाणी त्यातून बाजूला उतरायचं, माझ्या वाटेला जायचं नाही.

पुढे भिक्षू आले, दिवे लागले, कौतुक झालं. मग सगळे निघून गेले आणि वटवाघळं राहिली. कित्येक शतकांनी पुन्हा वाट झाली, माणसं येऊ लागली, आणि एक पहारेकरीही आला.

पण गेल्या काही वर्षांत माझ्या खांद्यामागे ओल येऊ लागली. भर उन्हाळ्यातसुद्धा! मनगटावर केसाएवढी भेग पडली. ती रुंदावत गेली, तशी माझी झोपच उडाली. पोरं नेमकी त्याच हाताखाली उभी राहून फोटो काढतात. हात निखळला आणि खाली एखादं लेकरू असलं तर? मला ओरडताही येत नाही.

शेवटी दुरुस्तीवाली बाई आली. तान्ही मुलगी आणि सासूबाई सोबत.

"आई, तिला हाताखाली आणू नका हं!"

"अगं, किती वेळा सांगशील? मी एवढी पोरं वाढवली, एकही दगडाखाली गेलं नाही."

तिच्याबरोबर आलेला मुकादम म्हणाला, "मॅडम, भेगेत सिमेंट भरून टाकू. वरून रंग मारला की कुणाला पत्ता लागायचा नाही."

"पाण्याला लागेल ना! ते आत कोंडेल आणि एक दिवस अख्खा हात घेऊन बाहेर पडेल. आधी येतंय कुठून ते बघू."

ती माथ्यावर गेली. वरचं बोलणं मला दगडातून ऐकू येतं.

"बघा बाई, काय फुललीय बाग!" पहारेकरी कौतुकाने सांगत होता. "इथे आयता खड्डा होता. माती भरली, रोपं लावली. रोज पाणी घालतो, सुट्टीलासुद्धा चुकवत नाही."

मग माती उकरल्याचा आवाज आला.

"काका, हा खड्डा नाही. पाणी बाहेर न्यायचा चर आहे."

"म्हणजे... एवढी वर्षं मीच मूर्तीच्या अंगावर पाणी..."

"तुम्ही एकटे नाही. आमच्या खात्याचे लोकही येऊन 'छान बाग' म्हणून गेलेच की."

पहारेकऱ्याने कुदळ दुसऱ्या कुणाच्या हातात दिली नाही. माती त्यानेच उपसली. सासूबाई खालून ओरडल्या, "रोपं टाकू नका हो, मला द्या! सुनेच्या हातून एक कुंडी जगत नाही."

पुढच्या पावसात पाणी चरातून बाजूला खळाळत गेलं. ओल ओसरतेय, पण दगड सावकाश वाळतो. बाईने भेगेवर काचेची पातळ पट्टी चिकटवली आहे. भेग हलली तर ती तडकेल. हाताखालची जागा दोरी बांधून बंद केली आहे. पहारेकरी सकाळी आल्या आल्या आधी काच बघतो, मग चपला काढतो. तोवर माझाही जीव टांगणीला असतो.

मित्रांनो, त्याच्या मायेत खोट नव्हती. रोपांना घातलेलं पाणी पुढे कुठे जातं, एवढंच त्याने पाहिलं नाही. मी डोंगरावर आणून ठेवलेली वस्तू नाही. मी डोंगरच आहे. म्हणून मला भेटायला याल तेव्हा माझ्या पायांशी फुलं वाहण्याआधी एकदा माथ्यावर जा. चरात पाचोळा अडकला असेल, तर तेवढा काढून टाका.