एकतीस तारखेची सही

औषधभांडाराच्या बाईंच्या मनात तीन दिवस शंकेची पाल चुकचुकत होती. इस्पितळाच्या लसी ठेवायच्या गार खोलीचं तापमान रोज वहीत लिहायचं, हे नव्या मदतनिसाचं काम. ते पाहून शेजारी सही करायची, हे बाईंचं. पण हल्ली हा पठ्ठ्या वहीवर वाकून फोन धरायचा आणि बाईंची चाहूल लागली की वही मिटायचा.

"काय चाललंय रे?"

"काही नाही, बाई."

काही नाही म्हणणाऱ्याचंच काहीतरी असतं, हे बाईंचं वीस वर्षांच्या नोकरीचं सार. घरी नणंदेला त्यांनी सांगूनही टाकलं, "खोलीत पाऊल न टाकता आकडे ठोकून देतो मेला. असा रंगेहाथ पकडते बघ!"

तीस तारखेला तो जेवायला गेला आणि बाईंनी वही उघडली. सत्तावीसपर्यंत चार, पाच, चार. मग नऊ. दहा. अकरा. आठच्या वर गेलं की लसींचा भरवसा नाही. आणि अकराच्या शेजारी बाईंचीच झोकदार सही! रोज कोण वही उघडणार, म्हणून एक तारखेलाच त्यांनी एका बैठकीत अख्खं पान सह्यांनी भरलं होतं. महिना तीस दिवसांचा, सह्या एकतीस.

मदतनीस दारात येऊन उभा राहिला होता.

"मला सांगायचं नाहीस?" बाई कडाडल्या.

"काय सांगणार? आकडा यायच्या आधीच तुमची सही. म्हणजे काहीही आलं तरी चालवून घ्यायचं ठरलंय, असं वाटलं. उद्या सगळं माझ्यावर ढकललंत तर? म्हणून रोज फोटो काढत होतो."

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. काल सकाळीच दोन खोकी लसीकरणाला गेली होती. पान फाडता आलं असतं. फोटो नसते तर कदाचित फाडलंही असतं, खोटं कशाला बोला! त्यांनी फोन उचलला.

"सिस्टर, लसी देणं थांबवा. कालपासून ज्या मुलांना दिल्या, त्यांची यादी काढा."

"अगं बाई! पण तुम्ही तर तपासून पाठवल्या होत्या ना?"

बाईंनी मदतनिसाकडे पाहिलं. तो अजूनही त्यांच्याकडे संशयानेच बघत होता.

"नाही," त्या म्हणाल्या. "नुसती सही केली होती."